वाढदिवस तिथीनं की तारखेनं? आणि दोन घरांच्या दोन रीती कशा सांभाळायच्या?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. माहेर बेळगावचं, मराठी. सासर बैलहोंगलकडचं, कन्नड बोलणारं. राहायला बेंगळुरूत. लेक २०२१ च्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची, तारीख १४ ऑगस्ट. यंदा २०२६ मध्ये तिला पाच वर्षं पुरी होतात. आई म्हणते तिथीनं करा, सासूबाई म्हणतात आरती आणि हुग्गी (खपली गव्हाचं गोड) झालीच पाहिजे, लेकीला केक हवाय. यातून दरवर्षी पाळता येईल अशी घरची रीत कोणती धरावी, हे तुम्ही विचारलंय.

मी वडगावची, लग्नानंतरही बेळगावातच आहे. आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड घरं भिंतीला भिंत लावून आहेत. दोन्हीकडच्या पोरांचे वाढदिवस मी लहानपणापासून बघत आलेय, माझ्या दोन मुलांचेही त्याच रीतीनं केले. माझं सांगणं एवढंच की सकाळी शाळेला जायच्या आधी अर्ध्या तासात होईल तेवढीच रीत धरा आणि ती एकाही वर्षी चुकवू नका. बाकी सगळं हौसेचं, जमेल तसं. मोठा घाट घातला की दोन वर्षं होतो, तिसऱ्या वर्षी कुणाची तरी परीक्षा किंवा बदली आडवी येते आणि मग सगळंच सुटतं.

आधी तिथीचं बघू. आमच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जूनच. त्या पिढीत आपल्या भागात असे घरटी एक-दोन जण सापडतील, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि नाव घालताना मास्तर तीच तारीख लिहून मोकळे व्हायचे. खरा दिवस आजीच्या लक्षात असायचा. बेंदराच्या दुसऱ्या दिवशीचा, दसऱ्याच्या आदल्या रात्रीचा, असा. त्यामुळे तिथीनं वाढदिवस करणं हा तेव्हा हट्ट नव्हता, माणसांना तोच एक दिवस ठाऊक होता. तुमच्या आईचा आग्रह तिथून आलाय, तो मोडीत काढू नका.

तुमच्या घरापुरती एक चांगली गोष्ट म्हणजे मराठी आणि कन्नड पंचांगात महिने एकच. दोघांचा महिना अमावास्येला संपतो, आपला पाडवा तोच त्यांचा उगादी, आपला श्रावण तोच त्यांचा श्रावण. म्हणजे तिथीवरून माहेर-सासरात वाद व्हायचं कारणच नाही. तारीख आणि तिथी मात्र मागेपुढे होणार. चांद्र वर्ष ३५४ दिवसांच्या आसपासचं, म्हणून तिथी दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२१ मध्ये श्रावण ९ ऑगस्टला लागला होता. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे श्रावण १३ ऑगस्टला लागतो आणि नागपंचमी १७ ला, सोमवारी येते. लेकीची तिथी म्हणजे श्रावण शुद्ध षष्ठी, ती १८ ऑगस्टला. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ एकत्र येतात, तेव्हा २०४० मध्ये आईंचं आणि शाळेच्या दाखल्याचं एकमत होईल.

आमच्याकडे आम्ही असं करतो: औक्षण तिथीला, घरच्या घरी. तारखेला शाळेत वाटायचं, संध्याकाळी मैत्रिणी, केक. मुलांना दोन दिवस मिळतात, ती खूशच असतात.

आता औक्षण. हे नीट सांगते, कारण घाईघाईत निरांजन फिरवून फोटो काढला म्हणजे औक्षण झालं असं नाही. आदल्या रात्री तबक लावून ठेवायचं: हळदकुंकू, अक्षता, निरांजन, अख्खी सुपारी, सोन्याची अंगठी, वाटीत साखर. सकाळी डोक्यावरून न्हाऊ घालायचं, आधी तेल लावून. पाटाभोवती रांगोळीची दोन बोटं ओढली तरी पुरे. मूल पूर्वेकडे तोंड करून बसलं पाहिजे आणि डोकं उघडं नको, मुलगा असेल तर टोपी, मुलगी असेल तर डोक्यावर ओढणी किंवा रुमाल. कुंकू लावायचं, त्यावर अक्षता. मग सुपारी आणि अंगठी एकत्र चिमटीत धरून चेहऱ्याभोवती तीनदा ओवाळायची आणि दर फेरीला तबकाच्या काठाला टेकवायची. त्यानंतर निरांजन. शेवटी डोक्यावर अक्षता टाकून तोंडात साखर. मूल पाटावरून उठलं की सगळ्यांच्या पाया पडतं, आणि ज्याच्या पाया पडलं त्यानं तोंडानं आशीर्वाद द्यायचा, नुसता डोक्यावर हात ठेवून चालत नाही. आमच्या घरात हा नियम आजीनं घातला होता. आजी ‘शतायुषी हो’ म्हणायची, शेजारच्या अक्का ‘नूरु वर्ष बाळु’ म्हणायच्या. माझी मुलं दोन्ही ऐकून मोठी झाली.

अक्कांचं ओवाळणं थोडं वेगळं. त्या आरतीचं ताट आणतात आणि ओवाळताना कन्नडमध्ये आरतीचं गाणं म्हणतात. आम्ही कधी असं केलं नाही की एकीचं झालं म्हणून दुसरीचं नको. पाटावर बसलेलं पोर तसंच बसून राहतं, पाच जणी एकामागून एक ओवाळतात, जिची जी रीत ती. तुमच्या सासूबाई आणि आई दोघी हजर असतील तर असंच करा. पहिली कोण हा प्रश्न आला तर जी वयानं मोठी ती पहिली, विषय संपला.

औक्षणानंतर तीळ आणि गूळ घातलेलं दूध. हे आता फार कमी घरांत उरलंय आणि मला ते राहिलेलं बघायचंय. कोमट दुधात चिमूटभर तीळ आणि गुळाचा खडा विरघळवायचा, अर्धी ओंजळ होईल एवढंच, आणि मुलाला प्यायला द्यायचं. यामागे मार्कंडेय आहे, अल्पायुषी म्हणून जन्मलेला आणि चिरंजीव झालेला पोरगा. वाढदिवसाला त्याचं आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांचं स्मरण करायची जुनी पद्धत आहे. पाच वर्षांच्या मुलीला ही नावं पाठ होतात, मारुती त्यात आहे म्हटल्यावर तर लगेच होतात. दूध फार गरम असताना गूळ घालू नका, फाटतं. षष्ठी देवीला दहीभाताचा नैवेद्यही असतो. दहीभात काय, बैलहोंगलात आणि वडगावात सारखाच.

त्या दिवशी केस आणि नखं कापायची नाहीत, हेही पाळलं जातं. आदल्या दिवशी कापून घ्या.

गोडाचं म्हणाल तर सासूबाई जिला हुग्गी म्हणतात ती आणि आपली गव्हाची खीर ही सख्खी भावंडं. दोन्हीला खपली गहूच लागतो, कन्नड माणसं त्याला जवे गोधी म्हणतात. साधा गहू वापरलात तर तो दाणा फुलत नाही आणि ती चवही येत नाही. कांडलेली खपली आणा, एक वाटी रात्रभर भिजत घाला, मूठभर तांदूळ सकाळी त्यात टाका म्हणजे खीर मिळून येते. कुकरमध्ये भरपूर पाण्यात शिजवा, शिट्ट्या झाल्यावर मंद आचेवर आणखी ठेवा. दाणा बोटांत चिरडला जातो का हे बघितल्याशिवाय गूळ घालायचा नाही. गूळ पडला की गहू पुढे शिजत नाही, तसाच चरचरीत राहतो, ही खिरीतली एकमेव मेख. गूळ वाटीला वाटी, आवडत असेल तर थोडा जास्त. मग ओलं खोबरं, भाजून कुटलेली खसखस, सुंठ, वेलदोडा. वाढताना वरून तूप आणि दूध. ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, म्हणून आम्ही वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळीच करून ठेवतो. पाहुणे येणार असतील तर जोडीला कुंदा आणतो, बेळगावात राहून कुंदा नाही असं होत नाही. लेकीला केकच हवा असेल तर केक आणा की. फक्त आमच्या घरात एक पथ्य आहे, मेणबत्त्या फुंकायच्या नाहीत. ज्या दिवशी दिवा लावून ओवाळलं त्या दिवशी ज्योत विझवायची नाही. केकवर फुलं लावतो, मुलं कापतात, खातात, कुणाचं काही अडत नाही.

तुमची लेक श्रावणातली आहे, हे तुमचं भाग्य. आपल्याकडे मुलांसाठीचं बरंच काही श्रावणात येतं. आणि यंदा १४ ऑगस्ट हा श्रावणातला पहिला शुक्रवार आहे, म्हणजे जिवतीचा दिवस आणि तुमच्या लेकीची तारीख एकच. जिवतीचा कागद तुम्ही आईकडे देवघरात चिकटवलेला बघितला असेल: वर नरसिंह, मग कालियामर्दन, मधे मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. श्रावणातल्या शुक्रवारी आई त्याची पूजा करते, पुरणाचा नैवेद्य करते आणि मुलांना ओवाळते. आणि जी मुलं गावाबाहेर आहेत त्यांच्यासाठी चारही दिशांना ओवाळून अक्षता टाकते. माझा थोरला आता नोकरीला बाहेर आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी अंगणात उभी राहून चारी बाजूंना अक्षता टाकते तेव्हा मला तो समोर असल्यासारखा वाटतो, आणि हे मी मनापासून सांगतेय. तुम्ही बेंगळुरूत असलात तरी तुमच्या आईनं वडगाव-शहापुरातून किंवा जिथं कुठं असेल तिथून तुमच्या आणि नातीच्या नावानं अक्षता टाकल्याच असतील. लेकीला हे सांगा. फोनवर आजीला ते करताना दाखवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर केकचे फोटो पाठवण्यापेक्षा हे तिच्या लक्षात राहील.

मग नागपंचमी. बैलहोंगलकडे पंचमी म्हणजे झोके आणि उंड्या, म्हणजे लाडू. शेंगदाण्याच्या, तिळाच्या, लाह्यांच्या, बेसनाच्या, डबे भरून. लेकीच्या शाळेत चॉकलेट वाटण्याऐवजी सासूबाईंकडून छोट्या शेंगदाण्याच्या उंड्या करून घेता येतील, शाळा परवानगी देत असेल तर. नाही दिली तर पेन्सिली. पंचमीचा झोका सोमवारी झाला की मंगळवारी तिथीचं औक्षण, म्हणजे सासूबाईंचा सण आणि आईची तिथी लागोपाठ येतात.

बोरन्हाणाचंही कुणी सुचवेल. ते संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करतात आणि पाच वर्षांच्या आतल्या लेकरांचं. तुमचं ते वय उलटतंय, त्याच्या मागे लागू नका.

प्रत्येक वडीलधाऱ्याला एकेक ठरलेलं काम द्या. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे नवे कपडे मामा आणतो, दुसऱ्या कुणी आणलेले त्या दिवशी अंगाला लागत नाहीत. रांगोळी आत्याची. मापटं भरून खपली अक्कांकडून येते. काम ठरलेलं असलं की माणूस आठवणीनं येतं, त्याला आमंत्रण लागत नाही. माझ्या जावेचा मुलगा १ नोव्हेंबरचा, त्याचं औक्षणही तारखेलाच. त्या दिवशी बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी, रस्ते अडवलेले, दुकानं बंद. केक मिळत नाही, पाहुणे पोचत नाहीत. पण त्याचं औक्षण कधी राहिलेलं नाही, कारण ते सकाळी सातच्या आत घरात होतं आणि अक्कांना गल्ली ओलांडायला कुठलाच बंदोबस्त आडवा येत नाही. त्या येतात, कन्नडमध्ये आरती म्हणतात, खीर खाऊन जातात.

यंदापुरतं माझं सुचवणं असं: १३ तारखेला गुरुवारी रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघा, शुक्रवारी सकाळी बेळगावात. त्या दिवशी जिवतीची पूजा आणि तारखेचा वाढदिवस आईकडे. शनिवारी १५ ऑगस्टची सुट्टी, बैलहोंगल गाठा. सासूबाईंच्या हातची हुग्गी आणि आरती तिथं होऊ द्या, रविवारी रात्री परत. मंगळवारी १८ ला तिथीचं औक्षण तुमच्या बेंगळुरूच्या घरी तुम्ही स्वतः करा, तबक आईकडूनच बांधून आणा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जूनच्या मध्याला. सुट्टीला जोडून आलेला शनिवार-रविवार आहे, पहिल्याच दिवशी तिकीट काढा.