जनमत कौलाचा निकाल लोकप्रतिनिधींना फिरवता यावा का?

माझ्या मते फिरवता येऊ नये. बदल हवाच असेल, तर पुन्हा लोकांनाच विचारावे. गोव्यात १९६३ साली विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला, तरीही १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ गोवेकरांनी संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहण्याच्या, तर १,३८,१७० जणांनी महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने मत दिले. त्याच वर्षी भाऊसाहेब बांदोडकरांचा हाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला, यावरून पक्षाला दिलेले मत म्हणजे त्या पक्षाच्या प्रत्येक मागणीला दिलेली संमती नव्हे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार सीमा बदलण्याचा अधिकार संसदेकडे कायम होता. पण तो वापरून गोवा महाराष्ट्रात विलीन केला गेला नाही, आणि १९८७ साली गोवा स्वतंत्र राज्य झाले.