गोळ्या बंद केल्या, तरच विश्वास खरा का?

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली एक आई. मुलगा अकरा वर्षांचा, सिकलसेल एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून दोष आलेला, लाल पेशींचा आनुवंशिक आजार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गावातल्या प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या प्रचारकाने मुलावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, आता गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. हायड्रॉक्सियुरिया (या आजारावरचं मुख्य औषध) आणि फॉलिक ॲसिड दोन्ही बंद झालं. महिनाभर मुलगा बरा होता, मंडळीत (चर्चमध्ये) तो बरा झाल्याची साक्षही झाली. मग थंडीत मांड्या आणि पाठ धरून तो रात्रभर ओरडला, दवाखान्यात भरती करावं लागलं. आईचा प्रश्न एकच: "मना इस्वास कमी पडना का?"

असा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाशी चमत्कार होतात की नाही यावर वाद घालू नये. आधी औषधाचं बघावं. उरलेल्या गोळ्या घरच्या घरी परत सुरू करायच्या नाहीत. डोस वजनावर ठरतो आणि पेशी कमी होऊ शकतात, म्हणून रक्ततपासणी करून डॉक्टरच तो ठरवतील. 101 फॅरनहाइटच्या वर ताप, धाप, पोटात डावीकडे अचानक फुगवटा, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. प्रार्थना वाटेत गाडीतही करता येते.

मग त्या बऱ्या गेलेल्या महिन्याचा उलगडा. हायड्रॉक्सियुरिया लाल पेशींतलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं. गोळी बंद केली म्हणून ते दुसऱ्या दिवशी संपत नाही, काही आठवड्यांत ओसरत जातं. शिवाय वेदनेचे झटके एरवीही मध्ये खंड ठेवूनच येतात. आईच्या मनात मात्र हिशोब वेगळा होता: देवाने दिलं, माझ्या शंकेने हिरावलं. हा गैरसमज सुटला तेव्हा अपराधाचा बराच भार हलका झाला.

सगळा मात्र नाही, कारण तो भार वचनाच्या नावाने चढवलेला होता. म्हणून बायबल उघडावंच लागतं. प्रेषित पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेतात आजारीच ठेवलं (2 तीमथ्य 4:20). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न सुटणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवलं, काटा राहिला, कृपा मिळाली. यांचा विश्वास कमी होता असं कोणती मंडळी म्हणेल? योहान 9 मध्ये तर आंधळेपण त्या माणसाच्या किंवा आईबापांच्या पापामुळे नाही, असं येशूच स्पष्ट सांगतो. याकोब 5:14 मध्ये मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. औषध टाकावं असं तिथे कुठेही नाही. स्थानिक पाळकांना बोलावून हे त्यांच्याच तोंडून वाचून घेतलं, तेव्हा मुलाचे वडीलही निवळले. समुपदेशकाने सांगितलं असतं तर ते उठून गेले असते.

आईला एक साक्ष विशेष खटकत होती: दुसऱ्या गावातल्या मुलाचा रिपोर्ट म्हणे प्रार्थनेनंतर निगेटिव्ह आला. अशा वेळी विचारायचं, मधे रक्त चढवलं होतं का? दात्याचं रक्त मिसळलं की एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे बदलतात आणि साधी सोल्युबिलिटी चाचणी चुकू शकते. तीन महिने थांबून पुन्हा तपासावं लागतं. दुसरं, तो मुलगा एएस, म्हणजे नुसता वाहक, तर नव्हता ना? असं विचारल्याने देवाचा अपमान होत नाही. दहा कुष्ठरोग्यांना येशूने याजकांकडे दाखवायलाच पाठवलं होतं. लूर्द हे फ्रान्समधलं कॅथलिक तीर्थस्थान आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींना जवळचं नाही, तरी तिथली शिस्त बघण्यासारखी आहे: 1858 पासून हजारो दावे आले, चर्चने चमत्कार म्हणून मानले ते सत्तरच्या आसपास. बरं होणं अचानक, पूर्ण, टिकाऊ आणि उपचारांनी न उलगडणारं हवं.

मुलाशी वेगळं बोलणं इथे विसरलं जातं. त्याने सगळं ऐकलेलं असतं, आणि "माझ्यात पाप आहे" हे तो कोणाला सांगत नाही. त्याला आजार कसा येतो ते चित्र काढून दाखवलं: आईबाप दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता 25 टक्के.

त्या चित्रावरूनच धाकट्या बहिणीचा विषय निघाला. तपासणं म्हणजे देवावर संशय, या भीतीने तिची चाचणी राहून गेली होती. ती झाली, मुलगी एएस निघाली. पुढे तिचं लग्न ठरवताना मुलाकडचाही रिपोर्ट मागायचा, एवढं पालकांना कार्डावर लिहून दिलं.