गाडीतला जुना नेव्हिगेटर लोगोवरच अडकतो, कधी चालू झालाच तर भलतीच जुनी तारीख दाखवतो आणि उपग्रह सापडत नाहीत. काही करता येईल का?

बहुतेक वेळा येतं. तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत. काही वर्षं कपाटात पडून असलेलं यंत्र लोगोवर थांबतं, पुढे सरकलंच तर वीसेक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतं, आणि मग ‘उपग्रह शोधत आहे’ म्हणत बसून राहतं. तिन्हींचं मूळ वेगवेगळं असू शकतं, त्यामुळे एकाच रामबाण उपायाच्या मागे लागू नका. जो तो फॅक्टरी रीसेट करायला सांगेल. तो सगळ्यात शेवटी. रीसेटने बॅटरी सुधारत नाही, साठवलेले पत्ते आणि कधीकधी नकाशेही मात्र जातात.

सुरुवात विजेपासून करा. यात लिथियम बॅटरी असते. ती वर्षानुवर्षं तशीच राहिली की इतकी उतरते की तिचं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं. चार्जर लावला की लोगो उमटतो, पण पडदा उजळताना आणि नकाशा उघडताना एकदम जास्त करंट लागतो आणि यंत्र तिथेच गळपटतं. कॉम्प्युटरच्या साध्या यूएसबी 2.0 पोर्टमधून 500 मिलिअँपिअर मिळतात, त्यातले बरेचसे पडदाच खातो. म्हणून 5 व्होल्ट, निदान 1 अँपिअरच्या भिंतीवरच्या चार्जरला जोडा, यंत्र बंद ठेवा आणि दोन-तीन तास तसंच राहू द्या. मात्र समोर बसून. पडदा चौकटीतून वर उचलला गेलेला दिसला किंवा पाठ फुगलेली वाटली, तर चार्जिंगच्या फंदात पडू नका. ती बॅटरी न दाबता, न टोचता बदलायची.

गाडीतला चार्जर हा वेगळाच संशयित. लायटरच्या सॉकेटमध्ये जाणाऱ्या बऱ्याच चार्जरचं टोक आट्यांचं असतं. ते फिरवून काढलं की आत काचेचा छोटा फ्यूज दिसतो. तो उडालेला असेल तर यंत्राचा काहीच दोष नाही. केबलचीही एक गंमत आहे. काही नेव्हिगेटर साध्या डेटा केबलवर लावले की आपण कॉम्प्युटरला जोडलो गेलोय असं समजतात आणि नकाशाऐवजी कॉम्प्युटरचं चित्र दाखवतात. त्यांच्या मूळ गाडी-केबलमध्ये एका पिनवर वेगळी जोडणी असते, त्यावरून त्यांना फरक कळतो. ‘बिघडलाय’ म्हणून माझ्याकडे आलेल्या नेव्हिगेटरना मी पहिल्यांदा केबल बदलून बघतो.

वीज ठीक असूनही लोगोवरच अडकत असेल, तर मेमरी कार्ड काढून चालू करून बघा. मग पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा. काहींना पाठीमागे टाचणी घालायचं रीसेटचं भोक असतं. या दोन्हींनी डेटा जात नाही. तरीही हलत नसेल तर डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा. तिथे ड्राइव्ह म्हणून दिसला तर निम्मी लढाई जिंकलीत, कारण बोर्ड जिवंत आहे. लपवलेल्या फाइलींसकट सगळं आधी कॉपी करून ठेवा, त्यानंतर ड्राइव्हवर एरर चेकिंग चालवा. नकाशाची किंवा आवाजाची एखादी फाइल अर्धवट खराब झाली की काही यंत्रं ती वाचता वाचता गोठतात. ती फाइल बाजूला हलवून सुरू झालं, तर चोर सापडला. विंडोज सीईवर (छोट्या यंत्रांसाठीच्या विंडोजवर) चालणाऱ्या स्वस्त यंत्रांत नेव्हिगेशनचा प्रोग्राम अनेकदा कार्डवरच असतो. तिथे सेटिंगमधला नेव्हिगेशन पाथ, म्हणजे तो प्रोग्राम कुठे आहे याचा पत्ता, पुसला गेला असेल तर त्या प्रोग्रामची फाइल परत निवडून द्यायची, एवढंच.

आता तारीख. जीपीएसचा मूळ संदेश आठवड्यांचा क्रमांक 10 बिटांत पाठवतो, म्हणजे 0 ते 1023. 1024 आठवडे, साधारण 19 वर्षं आणि साडेसात महिने झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. मोजणी 6 जानेवारी 1980 ला सुरू झाली, ती ऑगस्ट 1999 मध्ये आणि 6 एप्रिल 2019 च्या रात्री शून्यावर आली. पुढची पाळी नोव्हेंबर 2038 ची. जुन्या फर्मवेअरला, म्हणजे यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरला, हे हाताळता येत नाही, म्हणून ते तेवढीच वर्षं मागची तारीख दाखवतं. यावर खरा उपाय उत्पादकाचं फर्मवेअर अपडेट. ते मिळत असेल तर बॅटरी पूर्ण भरल्यावरच टाका. मध्येच वीज गेली तर चांगलं यंत्र खरोखर मरतं. अपडेट मिळत नसेल तरी लगेच टाकून देऊ नका. जागा ठरवायला मुख्यतः आठवड्याच्या आतली वेळ लागते, त्यामुळे तारीख चुकीची असूनही कित्येक यंत्रं रस्ता बरोबर दाखवतात. दिवसा रात्रीचे रंग दिसतील, तेवढं चालवून घ्या.

उपग्रह न सापडण्यामागे बऱ्याचदा आपली घाई असते. खूप दिवस बंद असलेल्या यंत्राकडे कोणता उपग्रह कुठे आहे याची ताजी माहिती नसते. ती 20,200 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला 50 बिट या वेगाने येते. एका उपग्रहाची कक्षा कळायला सलग अर्धा मिनिट लागतो, आणि सगळ्यांचं वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं. मध्ये झाड, इमारत, पूल आला की तो तुकडा पुन्हा येईपर्यंत थांबायचं. म्हणून चालत्या गाडीत प्रयोग नको. मोकळ्या आकाशाखाली, गाडीच्या बाहेर, पाठ वर करून वीसेक मिनिटं ठेवा. काही काचांवर धातूचा थर असतो, तो सिग्नल अडवतो. स्वस्त डॅशकॅम किंवा निकृष्ट चार्जर जवळ असेल तर त्याच्या गोंगाटात हा क्षीण सिग्नल बुडून जातो, तेही बंद करून बघा.

वाट पाहताना उपग्रहांचं पान उघडून ठेवा. फिकट किंवा पोकळ पट्ट्या दिसत असतील तर रिसीव्हर ऐकतोय, फक्त माहिती पूर्ण व्हायची आहे. चार पट्ट्या भरल्या की जागा येते. वीस मिनिटांनी एकही पट्टी नसेल, तर अँटेना किंवा तिची जोडणी गेली. वायर निसटली असेल तर ती बसवता येते. पण रिसीव्हरची चिपच गेली असेल तर मी तरी त्यावर वेळ घालवणार नाही.