कॉलनीची रात्रगस्त : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची ६० रो-हाऊसची कॉलनी आहे. दिवाळीत गावी गेलेल्यांची दोन घरं फुटली. तेव्हापासून दहा-बारा जण रोज रात्री काठ्या घेऊन फिरतो. पण आता लोक गळायला लागलेत. हे टिकवायचं कसं?

उत्तर : आधी काठ्या घरी ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यात काठ्या बाळगायला आणि पाच किंवा जास्त जणांनी जमायला बंदी असू शकते. म्हणजे दहा-बारा जणांचा घोळका घेऊन तुम्हीच अडचणीत याल. शिवाय घोळक्याच्या गप्पा दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातात. दोघांची जोडी पुरे.

लोक गळतात ते बहुधा आळसाने नव्हे, तर पाळी कधी येणार ते नक्की नसतं म्हणून. रात्रीच्या दोन पाळ्या करा : साडेअकरा ते दोन आणि दोन ते साडेचार. रात्रीला चौघे, म्हणजे आठवड्याला २८ जण. साठ घरांतून एवढी माणसं निघाली तर प्रत्येकाला आठवड्यातून एकच रात्र येते. प्रत्येकाचा वार ठरवून द्या आणि तो बदलू नका. ‘मंगळवार आपला’ हे एकदा डोक्यात बसलं की कुणाला फोन करून उठवावं लागत नाही. फिरता तक्ता मात्र महिनाभरात कोलमडतो. चौदाच जण मिळाले तर दोनऐवजी एकच पाळी ठेवा आणि रात्री एक ते चार एवढंच सांभाळा. सकाळी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत फर्स्ट शिफ्ट असणाऱ्याला दोननंतरची पाळी देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की दांड्या वाढतातच, त्यासाठी चार जण राखीव ठेवा.

गस्त सुरू करण्यापूर्वी पोलीस ठाण्याला पत्र द्या. सहभागी लोकांची नावं, मोबाइल क्रमांक, पाळ्यांच्या वेळा आणि फिरण्याचा मार्ग त्यात लिहा आणि पोहोच घ्या. तुमच्या भागातल्या बीट मार्शलचा, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाचा नंबर त्याच वेळी मागून घ्या. प्रत्येक जोडीजवळ टॉर्च, शिट्टी, चार्ज केलेला मोबाइल, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि एक वही असू द्या. शिट्टी फक्त धोक्यासाठी. सतत वाजवत फिरलात तर तुम्ही नेमके कुठे आहात ते चोराला कळतं, आणि पुढची फेरी कधी येणार तेही. फेरीच्या वेळा आणि दिशा बदलत्या ठेवा. मोकळा प्लॉट, नाल्याची बाजू आणि घरांच्या मागची बोळ कधी चुकवू नका. बंद पथदिव्याच्या खांबाचा क्रमांक वहीत टिपा. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार देताना तोच लागतो.

चोर शेजारच्या दारांना बाहेरून कडी घालतात, म्हणजे आरडाओरडा झाला तरी कुणी बाहेर पडू शकत नाही. बाहेरची कडी काढून टाका. काढायची नसेल तर ती उघड्या स्थितीत असताना भोकात छोटं कुलूप अडकवून ठेवा, मग ती सरकत नाही. ही युक्ती पन्नास-शंभर रुपयांची आहे आणि आमच्या मते निम्म्या गस्तीइतकी कामाची.

प्रश्न : गस्तीत संशयित दिसला तर पकडून ठेवायचा का? (इंदिरानगर)

उत्तर : नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य माणसाला अटकेचा अधिकार आहे, पण अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडला, किंवा समोरचा न्यायालयाने घोषित केलेला फरारी गुन्हेगार असला, तरच. तेव्हाही त्याला विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. नुसता संशय चालत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसं मारली.

लांबूनच टॉर्च टाका आणि ‘कुणाकडे जायचंय?’ एवढंच विचारा. घर सांगितलं तर त्या घरी फोन करून खात्री करा. उत्तर पटलं नाही तर ११२ लावा. कॉलनीचं नाव, जवळचं मंदिर किंवा दुकान, गाडीचा नंबर आणि तो कुठल्या दिशेने गेला ते सांगा. पाठलाग करू नका. ‘हा चोर’ म्हणून कुणाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. भंगारवाला आणि डिलिव्हरीवाला पोरगा हेच त्यात हमखास भरडले जातात. आणि हो, नाशकात झुडपामागची हालचाल माणसाचीच असेल असं नाही. २०२३ मध्ये सिडको आणि गोविंदनगरच्या भरवस्तीत बिबटे शिरले होते. तसं काही दिसलं तर मागे सरा, सगळ्यांना घरात थांबायला सांगा आणि वन विभागाच्या १९२६ वर कळवा.

प्रश्न : चार कॅमेरे आहेत, पण रात्री गाडीचा नंबर दिसत नाही. पोलिसांनी पंधरा दिवसांपूर्वीचं फुटेज मागितलं, तर ते पुसलेलं निघालं. (गंगापूर रोड)

उत्तर : तुमच्याकडे बहुधा २.८ मिमीच्या लेन्सचे कॅमेरे असतील. त्यात अख्खा रस्ता दिसतो, पण नंबरप्लेट ठिपक्याएवढी येते. त्यातून रात्री हेडलाइटने चित्र पांढरं पडतं. फाटकाच्या गतिरोधकावर, गाडी हळू होते तिथे, १२ मिमीपर्यंत झूम होणारा एक कॅमेरा फक्त प्लेटवर रोखा. त्याचा शटर वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा. बाकी चित्र काळं दिसेल, दिसू द्या. चेहरे दुसरा कॅमेरा टिपेल.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. रेकॉर्डिंगचा वेग २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) असेल तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी खातो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना ८६. एक टीबीची हार्ड डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. दोन टीबीची टाकली तर बावीस-तेवीस दिवस मिळतील. घटना कळली की त्याच दिवशी फुटेजची प्रत काढा. डीव्हीआरचं, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी जुळवा, कारण वेळ चुकीची असली तर कोर्टात त्यावरच बोट ठेवलं जातं. फुटेज पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही लागेल, त्याचा नमुना तपास अधिकाऱ्याकडून घ्या. डीव्हीआर वॉचमनच्या केबिनमध्ये असेल तर आजच हलवा. जाताना चोर तोच उचलून नेतात.