विंडोजला दोष देण्याआधी रॅम काढून बघा

प्रश्न : चिपळूणला माझं डीटीपीचं काम आहे. चार वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या संगणकात ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आहेत. पावसाळ्यापासून मध्येच निळा पडदा येऊन तो रीस्टार्ट होतो. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट', दरवेळी मजकूर वेगळाच. दोनदा फॉरमॅट झालं, एसएसडीही बदलली. झिप फाइल आज उघडत नाही, उद्या तीच उघडते. दुरुस्तीवाले म्हणतात, विंडोज करप्ट होतंय. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातली खरी खूण निळा पडदा नाही, झिप फाइल आहे. झिपमध्ये प्रत्येक फाइलचा तपासणी-आकडा साठवलेला असतो. उघडताना तो जुळला नाही की फाइल खराब ठरते. डिस्कवरची फाइलच बिघडली असती, तर ती उद्याही उघडली नसती. म्हणजे बाइट बदलतायत ते बहुधा रॅममध्ये. 'विंडोज करप्ट' हे आमच्या धंद्यातलं हक्काचं उत्तर, कारण फॉरमॅटचे पैसे लगेच मिळतात.

आधी एक पथ्य. रॅममध्ये बिघडलेलं तसंच डिस्कवर जातं, तेही गुपचूप. तेव्हा चालू कामं दुसऱ्या मशीनवर करा आणि जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका.

आता वायर काढा, कॅबिनेट उघडा. दोन्ही रॅम काढून त्यांचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा. कोकणातल्या दमट हवेत तिथे थर बसतो आणि नुसत्या पुसण्यानेही मशीन सुधारल्याचं मी पाहिलंय. खोडरबराचा चुरा मात्र स्लॉटमध्ये पडू देऊ नका. बसवताना क्लिप 'टक्' वाजली पाहिजे.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅमला जादा वेगाने पळवणारी सोय) बंद करा. ३२००ची म्हणून विकलेली रॅम बहुतेकदा एक्सएमपी लावल्यावरच त्या वेगाने धावते, त्याशिवाय २१३३ किंवा २६६६ला चालते. वेग उतरवल्यावर त्रास थांबला, तर मंद वेगावर काम भागेल.

नाहीच थांबला, तर 'मेमटेस्ट८६+' पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा. फुकट आहे. विंडोजमधली मेमरी चाचणी घाईची, तिने 'ठीक' म्हटलं तरी मी विश्वास ठेवत नाही. रात्रभर चालू द्या. चूक सापडली की लाल ओळ येते. ती एक आली काय, शंभर आल्या काय, निकाल एकच. नंतर एकेक रॅम एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. एकच नापास झाली तर रॅम गेली. दोन्ही एका स्लॉटमध्ये पास आणि दुसऱ्यात नापास, तर दुखणं मदरबोर्डचं.

पुष्कळ कंपन्या रॅमवर दहा वर्षांची किंवा आजीवन वॉरंटी देतात. जोडी एकाच पाकिटातली असेल तर दोन्ही मागतात. वरचं स्टिकर तेवढं खरवडू नका. सीरियल नंबर नसेल तर तिथे कुणी दारात उभं करत नाही.