कपाटातले काचेचे ग्रह

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला, ए ग्रुपमध्ये (गणित घेऊन) आहे. अकरावीत ८१ टक्के. वर्षभर बर्नरवर काच वितळवून ग्रह, तेजोमेघ, जेलीफिश असं काहीबाही करते. पुढे काचशिल्पच करणार म्हणते. सध्या तिचं सामान कपाटात बंद आहे. जेईईत ९५ पर्सेंटाइल आले की परत द्यायचं, असं ठरलंय. सायन्स वाया जाऊ नये म्हणून तिला कसं समजवावं?
– एक पालक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : ‘ठरलंय’ म्हणता, पण ठरवलं कोणी? ८१ टक्क्यांची मला काळजी नाही, त्या कुलपाची आहे. चष्मा न लावता बर्नरपाशी बसते म्हणून सामान काढून घेतलं असतंत, तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो. तुम्ही ते ओलीस ठेवलंय. यातून मुलं एवढंच शिकतात, की आवडीचं काही घरात दाखवायचं नाही. मग हॉस्टेलवरून फोन येईनासे होतात आणि आईवडील माझ्याकडे येतात.

आणि सायन्स वाया कसं जाईल? काचेचा गोळा बाहेरून आधी थंड होतो, आतून नंतर. त्या ओढाताणीत तो तडकतो. म्हणून साध्या काचेला ५०० अंशांच्या आसपास धरून सावकाश निववावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीचा पाच मीटरचा आरसा १९३४ मध्ये ओतला, तो निवायला दहा महिने लागले. तेजोमेघासाठी दोन रंगांच्या काचा जोडल्या आणि त्यांचं प्रसरण जुळलं नाही, तर शिल्प गेलं. हे फिजिक्सच आहे. राहता राहिलं ‘काहीबाही’. ड्रेस्डेनच्या ब्लाश्का बापलेकांचे काचेचे जेलीफिश विद्यापीठं शिकवण्यासाठी विकत घेत. पुढे हार्वर्डसाठी त्यांनी काचेची फुलं घडवली; १८८७ ला सुरू झालेलं ते काम बापामागे मुलाने १९३६ पर्यंत नेलं.

वाटा तुम्हाला सापडतील : अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत सिरॅमिक आणि ग्लास डिझाइन आहे, शिल्पकलेसाठी तर घराजवळच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची १९५० पासूनची फाइन आर्ट्स फॅकल्टी. पैशांचं मात्र गोड बोलणार नाही. भट्टी चालवणं महाग असतं, सुरुवातीची काही वर्षं मणी, दिवे, शिकवण्या यांवर काढावी लागतील. हा हिशेब तिच्यासमोर बसून मांडा.

आधी कपाट उघडा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.