आकाशगंगा एकच, बाकीच्या दीर्घिका

प्रश्न : ‘दूरच्या आकाशगंगांच्या गुच्छांची क्ष-किरण चमक मोजली’ असं वाचलं. इथे ‘चमक’ बरोबर आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. चमक क्षणाची, विजेची, नाहीतर कमरेत भरते ती. हे क्ष-किरण कोट्यवधी वर्षं अखंड निघत असतात, त्याला दीप्ती म्हणा. त्यातही दुर्बिणीपर्यंत पोचते ती दृश्यदीप्ती आणि तो गुच्छ, म्हणजे समूह, मुळात बाहेर टाकतो ती निजदीप्ती. अंतर दुप्पट झालं की पहिली चौथाईवर येते, दुसरी तेवढीच राहते. मोजतात पहिली. मग ताम्रसृतीवरून, म्हणजे दूरचा प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्यावरून, अंतर काढून दुसरी गणिताने मिळवतात. मोठ्या समूहात ती हजारो कोटी सूर्यांच्या बरोबरीची भरते.

पण मला बोचला तो ‘आकाशगंगांच्या’ हा शब्द. आकाशगंगा एकच, आपली! ते विशेषनाम आहे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात जा, तक्त्यावर ‘अब्जावधी आकाशगंगा’ असतातच. आपल्याच सातारा जिल्ह्यात, वाईला, मराठी विश्वकोश घडला. त्यात ताऱ्यांच्या अशा अफाट मेळाव्याला, म्हणजे ‘गॅलॅक्सी’ला, ‘दीर्घिका’ हा शब्द आहे. तो उघडायचे कष्ट कोणी घेत नाही.

आणि काय शब्द आहे! दीर्घिका म्हणजे संस्कृतात लांबट तळं, पायऱ्यांची विहीर. वापी, कूप, तडाग यांच्या पंगतीतला. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीत पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेलात, तर या शब्दाचं कूळ डोळ्यांसमोर उभं राहील. काही अभ्यासक सांगतात की कडेने पाहिल्यावर लांबट दिसतात म्हणून हे नाव पडलं. हे मला साफ नामंजूर आहे. गोलसर दीर्घिका असतात, वेड्यावाकड्याही असतात, त्यांचं काय? माझ्या मते इथे पाण्याचंच नातं आहे. आपली ती गंगा, वाहती नदी. तिच्या पलीकडे दूरवर दिसतात ती वेगळी, आपापल्या काठांत राहिलेली पाणी. ग्रीकांनी ‘गॅलॅक्सी’त दूध पाहिलं, आपण पाणी पाहिलं. नामकरण करणाऱ्याच्या मनात नदी आणि तळं ही जोडी होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

शिवाय काठ आठवले की त्या वाक्यावरून होणारा एक गैरसमजही दिसतो. समूहाचे बहुतेक क्ष-किरण दीर्घिकांमधून येतच नाहीत. ते येतात दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पसरलेल्या, 1 कोटी ते 10 कोटी अंश तापलेल्या विरळ वायूतून. आणि या वायूचं वस्तुमान समूहातल्या सगळ्या ताऱ्यांहून जास्त असतं. पृथ्वीचं वातावरण क्ष-किरण अडवतं, म्हणून हे कळायला उपग्रह लागले. 1970 साली केनियाच्या किनाऱ्याजवळून सुटलेल्या ‘उहुरू’ने अनेक समूहांचे असे पसरट स्रोत दाखवले. उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य; तो केनियाच्या स्वातंत्र्यदिनी सुटला होता.

तेव्हा ‘दीर्घिकासमूहांची क्ष-किरण दीप्ती’ असं लिहा. गुच्छ ताऱ्यांचा, तो तारकागुच्छातच राहू द्या.